आपल्या माणसाचा बाहुला

मैत्रिणींनो, सुटीत नातवंडे आली की घर कसे भरून जाते आणि चालताना पायाखाली काय काय येते, हे तुम्हांला सांगायला नकोच. यंदा मे महिन्यात आमचा सात वर्षांचा नातू पुण्याहून पुणतांब्याला आला तो प्लास्टिकच्या वीरांची एक पेटीच घेऊन. कुणाच्या पाठीवर पंख, कुणाच्या हातात ढाल, कुणी डोक्यापासून पायापर्यंत लोखंडाचा. सगळ्यांचे हात फिरतात, माना वळतात, गुडघे वाकतात. दुपारी ओसरीवर पसारा मांडून तो मला एकेकाची ओळख करून देत होता. हा उडतो, हा भिंतीवर चढतो, हा एका ठोशात इमारत पाडतो. मध्येच त्याने झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांकडे पाहिले आणि विचारले, "आणि आजोबा काय करायचे?"

आमचे हे म्हणाले, "नोकरी."

एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरले.

मला ते मनाला लागले बरं का! ज्या माणसाने छत्तीस वर्षे रेल्वेत सांधेवाला म्हणून काढली, पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात, रात्री-अपरात्री हातबत्ती घेऊन रुळांपाशी उभा राहिला, त्याचे सगळे आयुष्य नातवापाशी एका शब्दात आटपावे? निवृत्तीनंतर हे तसे अबोलच झाले आहेत. विचारले तरच उत्तर, तेही तुटक. नातवाचा वाढदिवस मेअखेरीला होता. मी मनाशी ठरवले, ह्या पेटीत आणखी एक वीर घालायचा, आपल्या घरातला. म्हणून ह्या वेळी आपल्या सदरात स्वेटर नाही, लोणचे नाही. आपल्या ओळखीच्या माणसाचा बाहुला कसा करायचा, ते सांगते.

"मुलाला बाहुला?" असे कुणी नाक मुरडील, तर तिला ही गंमत सांगा. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा फूटभर उंचीचा शिपाई बाजारात आणला. त्याला एकवीस हलते भाग होते. अंगावरचे कपडे बदलता येत, म्हणजे चांगली बाहुलीच होती ती! पण बाहुली म्हटले तर मुलगे हात लावायचे नाहीत, म्हणून कंपनीने तिचे नाव ठेवले 'ॲक्शन फिगर'. पुढे जगभर हेच नाव चालले. आपल्याकडे मात्र दिवाळीत किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या मुलग्यांना कुणी कधी हसले नाही.

चेहरा सगळ्यांत शेवटी

बाहुला हुबेहूब कशाने होतो? बहुतेकींना वाटते, चेहऱ्याने. आणि "मला कुठे चेहरा काढता येतो!" म्हणून त्या सुरुवातच करीत नाहीत.

आमच्या पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले आणि ही भावंडे भिंत चालवीत त्यांना सामोरी गेली, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. आता पाहा, चांगदेवांचा चेहरा कसा होता हे मूर्ती करणाऱ्याला कुठे ठाऊक असते? पण वाघ आणि सापाचा चाबूक दिसला की शेंबडे पोरही त्यांना ओळखते. विठोबा ओळखू येतो कमरेवरच्या हातांनी, गाडगेबाबा खराट्याने. माणसाची ओळख त्याच्या उभे राहण्यात असते, हातांत असते, आणि हातात काय आहे त्यात असते. तेवढे साधले की चेहऱ्याला दोन भुवया आणि एक मिशी पुरते.

शहरात हल्ली फोटोवरून हुबेहूब मूर्ती छापून देणारी यंत्रे आली आहेत. हौस असेल तिने जरूर करून घ्यावी. पण फोटोत मनुष्य उभा राहतो तो फोटोसाठी. रोज घरात वावरतो तसा नाही. तो पाहायचा तर आपणच पाहायला हवा.

आधी आठवडाभर नुसते पाहा

सुईला हात लावण्यापूर्वी एक वही घ्या आणि ज्याचा बाहुला करायचा त्याच्याकडे आठवडाभर लक्ष ठेवा. पाच गोष्टी टिपा. उभा राहतो कसा? रिकामे हात कुठे ठेवतो? डोक्यावर, खांद्यावर, खिशात काय असते? कोणती वस्तू त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाच्या हातात शोभणार नाही? आणि अंगावर त्याची म्हणून काय खूण आहे?

लिहायला संकोच वाटतो, पण लग्नाला इतकी वर्षे झाली तरी ह्यांच्याकडे मी असे कधी पाहिलेच नव्हते. पाहिले ते भाजी आवडली की नाही, एवढ्यापुरते. आता वही घेऊन बसले तेव्हा दिसले की हे डाव्या पायावर भार देऊन उभे राहतात. उजवा खांदा किंचित खाली आहे. सदऱ्याच्या वरच्या खिशात घडी केलेला रुमाल असतो. आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा असला तरी हे आधी उजवीकडे पाहतात, मग डावीकडे, आणि मगच पाऊल टाकतात. रूळ ओलांडायची सवय! माझ्या स्वयंपाकघरात कुठली गाडी यायची आहे? मला हसू आले, आणि मग आले नाही.

साहित्य

दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार दीड मीटर (लोखंडी तार घेऊ नका, दमट हवेत गंजते आणि कापडावर डाग पडतात), जुन्या विजेच्या वायरीतली बारीक तांब्याची तार, कापूस, जुन्या मऊ धोतराच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, पाव मीटर मांजरपाट, जुने बनियन, वर्तमानपत्राची चार पाने, मूठभर चिंचोके, दोन चमचे मेथीची पूड, सदऱ्याची दोन मोठी बटणे, पक्का दोरा, काळी-पांढरी लोकर, भरतकामाचे धागे. आणि ज्याचा बाहुला त्याचाच एखादा जुना कपडा. श्रीरामपूर-कोपरगावला जावे लागले तर ते तारेसाठीच. बाकीचे बहुतेक घरात निघेल.

कृती

माप : खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सात-साडेसात पट असते. पण इतके लहान डोके शिवणे कठीण, म्हणून आपण सहापट धरू. डोके ४ सेंटिमीटर, मानेपासून कमरेपर्यंत ८ आणि कमरेपासून टाचेपर्यंत १२. एकूण २४. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हात १० सेंटिमीटर. लहान मुलाचा बाहुला करायचा असेल तर उंची डोक्याच्या पाचपटच ठेवा, नाहीतर तो खुजा मोठा माणूस दिसतो.

सांगाडा : एक मीटर तार मधोमध दुमडून डोक्यासाठी तीन सेंटिमीटरचा फासा ठेवा. त्याखाली दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन पाठीचा कणा करा. कमरेपाशी त्या वेगळ्या करा. प्रत्येक पाय खाली न्या, पावलासाठी तीन सेंटिमीटर पुढे वळवा आणि तीच तार पिळत परत कमरेपर्यंत आणा. दुहेरी तारेचा पाय सहज मोडत नाही. हातांसाठी २५ सेंटिमीटरचे दोन तुकडे घेऊन तेही दुहेरी करून पिळा. खांद्याच्या टोकाला छोटीशी कडी राहू द्या. हात अजून धडाला जोडायचे नाहीत.

अंग भरणे : ज्या भगिनी घरी उभ्या महालक्ष्म्या बसवतात, त्यांना हे शिकवायला नको. आत आधार, त्यावर भराव, मग वस्त्र. तारेवर कापूस ठेवून वरून धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळा आणि टाके घाला. धड चांगले कडक भरा.

इथे माझी चूक झाली ती सांगते. गोलाई यावी म्हणून मी कोपरातही भरपूर कापूस कोंबला. हात वाकेचना. मी खटपट करीत होते, तेवढ्यात झोपाळ्यावरून आवाज आला, "सांध्यात कापूस भरलास. सांधा मोकळा ठेवायचा असतो." मी वर पाहिले. हे म्हणाले, "रुळाच्या सांध्यात सुपारीएवढा खडा अडकला, तरी सांधा बसत नाही. सांधा बसला नाही तर सिग्नल पडत नाही, आणि गाडी बाहेरच उभी." निवृत्तीनंतर एका दमात इतकी वाक्ये मी ऐकली नव्हती! तर मैत्रिणींनो, कोपर, गुडघा आणि कंबर इथे पट्टीचा एकच पातळ वेढा द्यायचा, कापूस नाही.

खांदा : तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकली की केव्हातरी तुटतेच. म्हणून खांद्याला बटणांचा सांधा करा. पक्का दोरा ओवून एक बटण, हाताची कडी, धड, दुसऱ्या हाताची कडी, दुसरे बटण अशी सुई आरपार काढा आणि बटणाच्या दुसऱ्या भोकातून तशीच परत आणा. असे तीन वेळा करून दोरा ओढून गाठ मारा. आता दोन्ही हात गोल फिरतील आणि धड कडक असल्याने ठेवाल तिथे थांबतील.

कातडीचा रंग : आपली माणसे दुकानातल्या बाहुलीसारखी गुलाबी नसतात. अर्धा लिटर पाण्यात चार चमचे चहा उकळून गाळा, चिमूटभर मीठ टाका आणि त्यात मांजरपाट व बनियनचा तुकडा बुडवा. हवा तसा सावळा रंग आला की काढा. ओले कापड गडद दिसते, वाळल्यावर रंग उतरतो, हे लक्षात ठेवा. चेहऱ्याला बनियनचे ताणणारे कापड, हातापायांना मांजरपाट.

डोके : कागदाचे कपटे रात्रभर भिजवून सकाळी वाटा आणि पिळून घ्या. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून वाटा. पाणी घालून शिजवले की उत्तम खळ होते. लगदा, खळ आणि मेथीची पूड एकत्र मळा. मेथीचा उपयोग आपल्या आज्यांना ठाऊक होता, कागदाच्या टोपल्यांत त्या घालीतच. खळीत मोरचूद टाकायची जुनी रीत आहे, ती इथे नको. मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूत विष कशाला? तारेच्या फाशावर लगदा थापून अंड्यासारखे डोके करा, नाकासाठी वाटाण्याएवढी गोळी लावा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. उन्हात ठेवाल तर तडे जातील. वाळल्यावर वरून बनियनचे कापड ताणून मागे शिवा.

डोळे कुठे काढायचे? सगळ्या जणी फार वर काढतात. टाळू आणि हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. आरशात पाहा, पटेल. दोन डोळ्यांमध्ये आणखी एक डोळा मावेल एवढे अंतर ठेवा. चष्मा असेल तर बारीक तार पेन्सिलीभोवती गुंडाळून दोन कड्या करा. केसांना आणि मिशीला लोकर उकलून लावा.

कपडे : कपडा त्याच माणसाचा हवा. नव्या कापडाला तो वास नाही आणि ती झीजही नाही. फक्त जाड कापड टाळा. इतक्या लहान अंगावर ते चोळामोळा होऊन उभे राहते. मी ह्यांच्या ड्यूटीच्या जुन्या सदऱ्याचा, धुऊन धुऊन विरलेला पाठीकडचा भाग वापरला. बगलेत चौकोनी कळी घाला म्हणजे हात वर गेला तरी सदरा ओढला जात नाही.

ही कळी मला सुचली त्याचेही कारण आहे. दुसऱ्या दिवशी हे आपणहून येऊन बसले आणि बाहुल्याचे हात फिरवून पाहू लागले. म्हणाले, "हात पूर्ण वर जायला हवेत. लाल झेंडी जवळ नसली, तर दोन्ही हात सरळ डोक्यावर धरायचे. गाडी थांबवायची खूण." मग स्वतःच म्हणाले, "आता खरोखरीच तुझ्या हातातलं बाहुलं झालो म्हणायचा!"

हातातली वस्तू : लाल आणि हिरव्या कापडाच्या दोन झेंड्या केल्या, दांड्या खराट्याच्या काड्यांच्या. तुम्ही शिक्षिकेला खडू द्या, नर्सबाईंना घड्याळ, शेतकऱ्याला खुरपे. बूट कापडाचे करून त्यांत वाळूच्या छोट्या पुरचुंड्या भरा म्हणजे बाहुला पडत नाही.

एक बोट जास्त

बोटे मी फार मन लावून केली. बारीक तारेच्या पाच-पाच काड्या, त्यांवर चहाच्या रंगाचा दोरा गुंडाळलेला. बाहुला तयार झाला. मी तो ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. बोट जास्त झालं."

ह्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. लहानपणी गुऱ्हाळात ऊस सारताना चरकात गेली. हे मला ठाऊक नव्हते का? पण मीच म्हटले, नातवाला द्यायचे आहे, वाढदिवसाची वस्तू आहे, कशाला ते उणे दाखवायचे? मी चांगुलपणा करायला गेले आणि ह्यांच्या हाताला दुसऱ्याच कुणाचे बोट लावले.

मी कात्री आणली. करंगळी अर्धी केली, टोकाला दोरा गुंडाळला. तेव्हा कुठे ह्यांनी बाहुला हातात घेतला.

म्हणून मैत्रिणींनो, ह्या साऱ्या कृतीतली ही पायरी विसरू नका. खूण दाखवायची की नाही, हे आपण परस्पर ठरवायचे नाही. झाकायचे असले तरी विचारा, दाखवायचे असले तरी विचारा. माझ्या नात्यातल्या एकीने हौसेने नणंदेची बाहुली केली आणि कंबर जरा सढळ हाताने भरली. दोघींचे सहा महिने बोलणे बंद होते! एखादीला आपल्या पांढऱ्या केसांचा अभिमान असतो, एखादीला त्यांची चिंता. ज्याचा बाहुला, त्याचा शब्द शेवटचा.

थोडी सावधगिरी

तीन वर्षांखालच्या मुलाला तारेचा आणि बटणांचा बाहुला मुळीच देऊ नका. त्याच्यासाठी नुसता कापडाचा, कापूस भरलेला करा आणि डोळे धाग्याने भरा. तारेची टोके नेहमी आत वळवून त्यांवर पट्टी गुंडाळा. हा बाहुला धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. रोज तास-दीड तास दिलात तर डोके वाळायचे दिवस धरून दोन आठवडे पुरतात. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, दूरदेशी गेलेल्या मुलाची आई, कुणासाठीही ही भेट चालेल. गेलेल्या माणसाचा करायचा असेल, तर घरच्या सगळ्यांना आधी विचारा. कुणाला तो आधार वाटतो, कुणाला पाहवत नाही.

नातवाने पुडके उघडले तेव्हा तो नाचला वगैरे नाही. त्याने बाहुल्याचे हात फिरवले, गुडघे वाकवले, मग डावा हात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "आजोबा, ह्याचं बोट तुटलंय." ह्यांनी आपला हात पुढे केला. दोन्ही हात शेजारी शेजारी धरून त्याने पाहिले आणि विचारले, "कसं?" त्या दिवशी गुऱ्हाळापासून जी गोष्ट सुरू झाली, ती रात्री पंगत बसली तरी चालूच होती. त्यातल्या कितीतरी गोष्टी मीही पहिल्यांदाच ऐकल्या.

जूनमध्ये मंडळी परत निघाली. आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीच्या गजांपाशी बाहुला वर आला, दोन्ही हात सरळ डोक्यावर. गाडी थांबवायची खूण! हे हसले. मग सरळ उभे राहिले आणि हिरवी झेंडी धरावी तसा हात पुढे केला.

तुमच्या घरी कुणाचा बाहुला करणार, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या वेळी उरलेल्या मांजरपाटाच्या पिशव्या.